‘नोंद घेण्यात आली’ म्हणजे नेमकं काय झालं?

सभांची इतिवृत्तं वाचायची मला खोड आहे. कोणत्याही शहराच्या कारभारातला सगळ्यात कंटाळवाणा कागद कोणता, तर इतिवृत्त. कोण हजर, कोण गैरहजर, सूचक कोण, अनुमोदक कोण, किती वाजता सभा संपली. पण या कंटाळवाण्या कागदात अधूनमधून एक वाक्य भेटतं: ‘पर्यावरण सल्लागार समितीच्या शिफारशीची नोंद घेण्यात आली.’

आता याचा अर्थ काय लावायचा? शिफारस मान्य झाली? फेटाळली? की फायलीला लावून फाईल कपाटात गेली? वाक्यावरून काहीच कळत नाही, आणि बऱ्याचदा ते कळू नये म्हणूनच तसं लिहिलेलं असतं. शहराच्या पर्यावरण सल्लागार समितीबद्दल लोकांची मतं टोकाची असतात, त्याचं कारणही हेच. काहींच्या लेखी ही समिती म्हणजे शोभेची बाहुली. काहींना वाटतं, निवडून न आलेले चार लोक मागच्या दाराने शहराची धोरणं ठरवतात. मला विचाराल तर दोन्ही प्रकारच्या समित्या असतात. आपल्यासमोरची कोणत्या प्रकारची, हे कसं ओळखायचं, ते इथे सांगायचा प्रयत्न करतो.

आधी ओळख करून घेऊ. शहराच्या कारभारात ढोबळमानाने दोन बाजू असतात. एक, निवडून आलेल्यांचं सभागृह, जे मतदान करून ठराव आणि उपविधी (म्हणजे शहरापुरते नियम) मंजूर करतं, पैसे मंजूर करतं. दुसरी, प्रशासन, जे त्या ठरावांची अंमलबजावणी करतं. सल्लागार समिती या दोघांच्या मधे कुठेतरी खुर्ची टाकून बसलेली असते. तिला सभागृहात मत नाही, खर्चायला पैसा नाही, कोणाला नोटीस बजावायचा अधिकार नाही. साधारण सात ते पंधरा माणसं, बहुतेक बिनपगारी, दोन-तीन वर्षांची मुदत, महिन्यातून एखादी बैठक. बैठकीची व्यवस्था बघायला पर्यावरण विभागातला एक कर्मचारी नेमलेला. एवढाच तिचा संसार.

माणसं कोण असावीत हे काही ठिकाणी उपविधीतच लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या सिएटल शहराने २००९ मध्ये शहरी झाडांसाठी एक आयोग नेमला. महापौरांना आणि सभागृहाला सल्ला देणं एवढंच त्याचं काम. त्यातल्या बऱ्याच जागा पेशानुसार ठरलेल्या आहेत: एक वन्यजीवांचा अभ्यासक, एक जलतज्ज्ञ, एक झाडांची निगा राखणारा आर्बोरिस्ट, एक लँडस्केप आर्किटेक्ट, आणि बांधकाम क्षेत्राच्या बाजूने बोलू शकेल असाही कोणीतरी. झाडांच्या समितीत बांधकामवाला कशाला, असं पहिल्यांदा वाटतं. पण त्याचा आक्षेप समितीत ऐकू आला नाही, तर तो सभागृहात ऐकू येतो, आणि तोपर्यंत उत्तर शोधायला वेळ उरलेला नसतो.

समितीची खरी कुंडली मात्र सदस्यांच्या यादीत सापडत नाही. ज्या ठरावाने ती जन्माला आली, त्या ठरावातल्या क्रियापदात ती असते. ‘सल्ला घेता येईल’ असं लिहिलं असेल, तर समितीला विचारणं ही प्रशासनाची मर्जी. ‘सल्ला घ्यावा’ म्हटलं, की विचारावं लागतं, पण ऐकावं लागत नाही. ‘सल्ला घेतल्याशिवाय विषय सभागृहापुढे ठेवता येणार नाही’ असं असेल, तर समितीच्या हातात निदान एक दार आलं. ती बैठक लांबवू शकते, कागद अपुरे म्हणून परत पाठवू शकते. आणि ‘सल्ला अमान्य केल्यास कारणं लेखी नोंदवावीत’ एवढी एक ओळ पुढे जोडली, की सगळा डाव बदलतो. कारण नाही म्हणणं सोपं असतं, पण का नाही हे स्वतःच्या सहीनिशी लिहून देणं अवघड. ते कारण उद्या वर्तमानपत्रात छापून येऊ शकतं, न्यायालयात वाचलं जाऊ शकतं. एका ओळीवर इतकं अवलंबून असतं, म्हणून नवीन समितीची घोषणा झाली की टाळ्या वाजवण्याआधी मी तो ठराव मागवून वाचतो.

आता समिती धोरण ‘घडवते’ म्हणजे प्रत्यक्षात काय करते, ते एका काल्पनिक उदाहरणातून जवळून बघू. विषय मुद्दाम रूक्ष घेतो: पार्किंगची जमीन.

आधी थोडं पावसाचं गणित. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला, की बरोबर एक लिटर पाणी होतं. म्हणजे १,००० चौरस मीटरच्या पार्किंगवर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५०,००० लिटर पाणी, दहा हजार लिटरचे पाच टँकर. जमीन उघडी असेल तर त्यातलं बरंचसं मुरतं, काही वाफ होऊन जातं. तीच जमीन काँक्रीटने बंद केली, की जवळपास सगळं पाणी काही मिनिटांत गटाराकडे धावतं. जाताना ऑईलचे थेंब, टायरची झिजलेली पूड, धूळ हेही बरोबर नेतं. एका पार्किंगने पूर येत नाही. पण शहरभर अशा शेकडो जागा असतात, आणि गटाराचा व्यास मात्र तेवढाच राहतो.

समजा, एका शहराच्या समितीपुढे हा विषय आला. पहिल्या बैठकीत कोणीतरी वाक्य सुचवलं: ‘शहरातील पार्किंगच्या जागा शक्य तितक्या पाणी मुरणाऱ्या असाव्यात.’ सगळ्यांचे हात वर. कोणाचा विरोध नाही. इथेच सावध व्हायला हवं, कारण हे वाक्य कोणालाच काही करायला लावत नाही.

दुसऱ्या बैठकीला बांधकाम परवानगी विभागातली एक अभियंता येऊन बसते. ती विचारते, ‘माझ्या टेबलावर नकाशा आला, तर त्यात ‘शक्य तितक्या’ मी कशाने मोजू?’ प्रश्न साधा आहे, पण समितीचं खरं काम या प्रश्नापासून सुरू होतं. किती मोठं पार्किंग? दोन गाड्यांच्या जागेलाही हा नियम लावायचा का? फक्त नव्या जागांना, की जुनी उखडून पुन्हा करतात त्यांनाही? उखडून म्हणजे पूर्ण उखडून, की वरचा थर खरवडून? इथे एक तास जातो. जाऊ द्यावा, कारण वरचा थर खरवडणाऱ्यांना नियम लावला, तर लोक दुरुस्तीच करणार नाहीत, खड्डे तसेच ठेवतील. नाही लावला, तर जो तो आपलं काम ‘दुरुस्ती’ म्हणूनच दाखवेल.

तिसऱ्या बैठकीत जलतज्ज्ञ सांगतो की चिकणमाती असेल तिथे पाणी मुरायला फार वेळ लागतो. आधी खड्डा खणून, त्यात पाणी ओतून, ते किती वेगाने उतरतं ते बघावं लागेल. दुसरा सदस्य आठवण करून देतो की पेट्रोल पंपाच्या आवारात पाणी मुरू द्यायचंच नाही, नाहीतर सांडलेलं इंधन सरळ भूजलात जाईल. म्हणजे ज्या गोष्टीचा आपण प्रचार करतो आहोत, तीच गोष्ट एका जागी बंद करायची आहे. बांधकाम क्षेत्राचा प्रतिनिधी खर्चाबद्दल कुरकुरतो, हे अपेक्षितच. पण तो आणखी एक गोष्ट बोलतो, जी कोणाच्या डोक्यात आलेली नसते. पाणी मुरणारी फरसबंदी छिद्रांवर चालते, आणि ती छिद्रं गाळाने बुजतात. ठरावीक काळाने ती खास यंत्राने साफ केली नाहीत, तर काही वर्षांत तिच्यात आणि साध्या काँक्रीटमध्ये फरक राहत नाही. मग देखभाल कोणाची? आणि झाली की नाही हे तपासणार कोण?

चौथ्या बैठकीत व्हीलचेअर वापरणारी एक बाई प्रेक्षकांच्या खुर्च्यांमधून हात वर करते. ‘तुम्ही खडी टाकून मोकळे व्हाल,’ ती म्हणते, ‘माझी चाकं त्यात रुततात.’ तोपर्यंतच्या तीन बैठकांत ‘खडी’ हा सगळ्यात स्वस्त आणि सोपा पर्याय म्हणून मसुद्यात बसलेला असतो.

शेवटी सभागृहाकडे जातं ते वाक्य साधारण असं: ३०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या, नव्या किंवा पायापासून पुन्हा बांधलेल्या पार्किंगमध्ये निदान निम्मं क्षेत्र पाणी मुरणारं असावं, चाचणीत पाणी ठरलेल्या वेगाने उतरत नसेल तर तेवढंच पाणी साठवण्याची सोय करावी, इंधन हाताळणाऱ्या जागा वगळाव्यात, दिव्यांग व्यक्तींसाठी राखलेल्या जागा आणि तिथून दारापर्यंतची वाट घट्ट व सपाट असावी, देखभालीची नोंद वर्षातून एकदा सादर करावी. वाचायला रटाळ आहे. पहिल्या वाक्यातलं तेज यात नाही. पण यातल्या प्रत्येक स्वल्पविरामामागे एक माणूस, एक हरकत आणि एक संध्याकाळ आहे, आणि आता त्या अभियंतेला नकाशा हातात घेऊन हो किंवा नाही म्हणता येतं.

हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. खरा आकडा हवा असेल तर इंग्लंडकडे बघा. तिथे २००७ च्या उन्हाळ्यात मोठे पूर आले. त्यानंतर १ ऑक्टोबर २००८ पासून नियम आला की घराच्या पुढच्या अंगणात ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरसबंदी करायची आणि पाणी रस्त्याकडे सोडायचं असेल, तर नियोजन परवानगी लागेल. पाणी मुरणारी फरसबंदी केली, किंवा पाणी अंगणातल्याच मातीकडे वळवलं, तर परवानगीची गरज नाही. हा नियम देशपातळीवरचा आहे, एखाद्या शहराच्या समितीचा नव्हे, पण त्याची रचना बघण्यासारखी आहे. बंदी कशावरच नाही. फक्त योग्य मार्ग बिनकागदाचा ठेवला आणि चुकीच्या मार्गावर अर्ज भरायला लावला. चांगला मसुदा लिहिणाऱ्यांना माणसाचा आळस ठाऊक असतो.

पण कितीही चांगला मसुदा लिहिणारी समिती असली, तरी तिला विचारलं कधी, यावर निम्मी गोष्ट ठरते. निविदा निघाली आहे, अंदाजपत्रकात रक्कम धरली आहे, आणि मग नाल्याकाठच्या रस्त्याचा विषय समितीपुढे येतो. आता समिती काय सुचवणार? कठड्याचा रंग, फार तर दिव्यांची उंची. रस्ता तिथून न्यायचाच का, हा प्रश्न विचारायची वेळ सहा महिन्यांपूर्वीच निघून गेलेली असते.

ही तक्रार जुनी आहे आणि न्यायालयांनीही तिच्यावर विचार केला आहे. लंडनच्या ब्रेंट या भागात १९८५ मध्ये शाळांच्या फेररचनेवरून एक खटला झाला. त्या निकालात लोकांचा सल्ला घेण्याच्या चार कसोट्या मान्य झाल्या, आणि फिर्यादीच्या नावावरून त्या ‘गनिंग तत्त्वं’ म्हणून ओळखल्या जातात. प्रस्ताव अजून घडत असतानाच सल्ला मागा. समोरच्याला डोकं लावून विचार करता येईल इतकी कारणं आणि माहिती द्या. पुरेसा वेळ द्या. आणि जे उत्तर मिळेल त्याचा निर्णय घेताना प्रामाणिकपणे विचार करा. विषय शाळांचा होता, पण ब्रिटनमध्ये स्थानिक संस्थांनी घेतलेल्या सल्लामसलतीवर वाद झाला की आजही या चार कसोट्या पुढे येतात. २०१४ मध्ये हॅरिंगी या दुसऱ्या एका भागाच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. तिथे लोकांपुढे एकच पर्याय ठेवला होता; बाकीचे पर्याय होते, ते का नाकारले, याचा पत्ताच लागू दिला नव्हता. न्यायालयाने ही सल्लामसलत अयोग्य ठरवली.

पर्यावरणाच्या बाबतीत हाच मुद्दा एका आंतरराष्ट्रीय करारातही आहे. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहरात १९९८ साली झालेला आणि २००१ पासून लागू झालेला हा करार तीन हक्कांवर उभा आहे: पर्यावरणाची माहिती मिळण्याचा, निर्णयात भाग घेण्याचा, आणि हे दोन्ही नाकारले तर दाद मागण्याचा. त्यातली एक अट मला फार आवडते. लोकांना लवकर विचारा, जेव्हा सगळे पर्याय अजून खुले असतात, असं तो करार सांगतो. ‘सगळे पर्याय’ यात ‘काहीच न करणं’ हाही पर्याय आला. प्रशासनाने समितीपुढे ठेवलेल्या टिपणीत तो पर्याय आहे का, हे बघितलं की विचारणा खरी आहे की उपचारापुरती, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

टिपणीवरून आठवलं. समितीत सगळ्यात ताकदवान माणूस कोण, असं विचारलं तर लोक अध्यक्षाकडे बोट दाखवतील. मी त्या बिनमताच्या कर्मचाऱ्याकडे दाखवेन, जो विषयपत्रिका तयार करतो. कोणता विषय या महिन्यात, कोणता पुढच्या. कोणता पहिला, आणि कोणता शेवटचा, जेव्हा निम्मे सदस्य घड्याळ बघत असतात. टिपणीत कोणते आकडे आणि कोणते परिशिष्टात. यात कपट असायलाच हवं असं नाही. एका माणसाकडे तीन समित्यांचं काम असतं, आणि तो जमेल तसं ओढत असतो. पण दोनशे पानांचा अहवाल बैठकीच्या आदल्या रात्री मिळाला, तर तज्ज्ञ सदस्यसुद्धा गोषवारा वाचून मान डोलावतो.

याला काही ठिकाणी कायद्याने थोडा आळा घातला आहे. कॅलिफोर्नियात १९५३ पासूनचा ब्राऊन कायदा आहे. स्थानिक संस्थेच्या नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी जाहीर करावी लागते, आणि पत्रिकेत नसलेल्या विषयावर, मोजके अपवाद सोडले, तर चर्चाही करता येत नाही. ठरावाने किंवा उपविधीने नेमलेल्या सल्लागार समित्यांनाही तो लागू आहे. इतकंच काय, बहुसंख्य सदस्यांनी एकामागून एक ईमेल पाठवून आपसात मत ठरवलं, तर तीही बेकायदा बैठक ठरते. नव्या सदस्यांना हे जाचक वाटतं. चहा पिताना दोन शब्द बोललो तर काय बिघडलं? दोघे बोलले तर बहुधा काही बिघडत नाही. पण सातांपैकी चार बोलले, तर जाहीर बैठकीत जे होईल ते नाटक असेल, आणि ती व्हीलचेअरवाली बाई त्या नाटकाची प्रेक्षक असेल.

समित्यांवरची सगळ्यात झोंबरी टीका १९६९ सालची आहे. शेरी आर्नस्टाइन या अमेरिकन बाईंनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. त्या स्वतः सरकारी गृहनिर्माण खात्यात लोकसहभागाच्या सल्लागार होत्या, म्हणजे आतून सगळं बघितलेलं. शिडीच्या वरच्या टोकाला लोकांच्या हातात खरी सत्ता. मधे माहिती देणं, मत विचारणं, थोडंफार तोंड गोड करणं. आणि सल्लागार समित्या कुठे? काही तर अगदी तळाच्या पायरीवर. आधीच ठरलेल्या गोष्टीवर शिक्का मारून घेण्यासाठी माणसं गोळा करायची, हा सहभाग नव्हेच, ती हातचलाखी आहे, असं त्यांचं म्हणणं. दोन-चार निवडक मान्यवरांना खुर्ची द्यायची पण बहुमत आपल्याकडेच ठेवायचं, हा प्रकार त्यांनी थोडा वर, पण ‘समजूत काढणं’ या खात्यात टाकला. पन्नासहून अधिक वर्षं झाली, तरी कुठलीही समिती या शिडीला टेकवून बघता येते.

मग शिडीच्या वर चढलेली उदाहरणं आहेत का? पोलंडमधल्या गदान्स्क शहराचं सांगतो. जुलै २०१६ मध्ये तिथे अतिवृष्टीने शहर पाण्याखाली गेलं. त्याच वर्षी शहराने नेहमीची तज्ज्ञ समिती न नेमता सामान्य नागरिकांतून सोडतीने सुमारे साठ जण निवडले. वय, लिंग, शिक्षण, शहराचा भाग, या सगळ्यांत ते एकूण लोकसंख्येसारखे दिसतील अशी काळजी घेतली. त्यांनी तज्ज्ञांची मतं ऐकली, आपसात चर्चा केली, आणि मोठ्या पावसासाठी शहराने काय तयारी करावी याच्या शिफारशी दिल्या. पुढच्या फेरीत हवेच्या प्रदूषणाचा विषयही घेतला गेला. इथली खुबी महापौर पावेल अदामोविच यांनी आधीच दिलेल्या शब्दात होती: ज्या शिफारशीला ८० टक्के सदस्यांचा पाठिंबा मिळेल, ती अंमलात आणली जाईल.

८० टक्के हा आकडा विचार करण्यासारखा आहे. निम्म्याहून एक जास्त, एवढंच पुरलं असतं तर एक गट दुसऱ्यावर कुरघोडी करून मोकळा झाला असता. शंभर टक्के म्हटलं असतं तर एका हेकट माणसाने सगळं अडवलं असतं. ८० टक्के गाठायचे तर समोरच्यांतल्या बऱ्याच जणांना पटवावं लागतं, आणि पटवायचं तर आपलं वाक्य बदलावं लागतं. म्हणजे आपल्या त्या पार्किंगच्या मसुद्यात जे चार बैठकांत झालं, ते इथे नियमानेच घडवून आणलं. महापौरांच्या बाजूनेही हा सौदा वाईट नव्हता. इतक्या लोकांना पटलेली गोष्ट राबवताना राजकीय किंमत कमी मोजावी लागते.

सोडतीची पद्धत सरसकट सगळीकडे आणावी, असं माझं मत नाही. एका मोठ्या प्रश्नावर काही आठवडे बसायला ती उत्तम. पण दर महिन्याला येणाऱ्या नकाशांवर, निविदांवर, मोजणीच्या पद्धतींवर नजर ठेवायला वर्षानुवर्षं बसणारी, मागचं आठवणारी माणसंच लागतात. मात्र त्या कायमच्या समितीत कोण येऊ शकतं, हा प्रश्न टोचत राहतो. बिनपगारी काम, संध्याकाळची बैठक, जाड अहवाल. ज्याच्याकडे वेळ आहे, लिहिण्यावाचण्याची सवय आहे, तोच टिकतो. निवृत्त अभियंते, सल्लागार, घरमालक. नाल्याकाठी भाड्याने राहणारा, रात्रपाळी करणारा माणूस पाऊस सगळ्यांपेक्षा जास्त सोसतो, पण त्याचं नाव अर्जदारांच्या यादीतही नसतं. बैठकीचा भत्ता देणं, मुलं सांभाळायची सोय करणं, बैठकच त्या वस्तीत जाऊन घेणं, असे उपाय आहेत. त्यांना पैसा लागतो, आणि समितीकडे पैसा नसतो हे वर आलंच आहे.

पैशाइतकीच पक्की दुसरी भिंत कायद्याची. शहराच्या वर राज्य किंवा प्रांत असतो, त्यावर देश. समितीने, सभागृहाने, सगळ्यांनी मिळून उत्तम उपविधी केला, तरी तो वरच्या कायद्याला आडवा गेला तर टिकत नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीने जुलै २०१९ मध्ये नव्या इमारतींत नैसर्गिक वायूच्या पाईपलाईनवर बंदी घातली. अमेरिकेत असं करणारं ते पहिलं शहर. उपाहारगृहांची संघटना न्यायालयात गेली. एप्रिल २०२३ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील न्यायालयाने निकाल दिला की ऊर्जेच्या उपकरणांबद्दलचा १९७५ चा केंद्रीय कायदा इथे आडवा येतो. २०२४ मध्ये शहराने हा उपविधी मागे घेण्याचं मान्य केलं. दरम्यान कितीतरी शहरांनी बर्कलीचं अनुकरण केलं होतं. मग वायू जाळण्यावर थेट बंदी न घालता नव्या इमारतींच्या उत्सर्जनाला किंवा ऊर्जा-कार्यक्षमतेला मर्यादा घालण्याकडे अनेकांनी मोर्चा वळवला. समितीत एखादा वकील का असावा, हे सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

हितसंबंधांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात गुंतागुंत कमी आहे. फरसबंदीचे ब्लॉक विकणारा माणूस समितीत असू शकतो, त्याला त्यातलं कळतं म्हणूनच. फक्त त्याने ते आधी सांगावं आणि त्या विषयाच्या मतदानात बसू नये. सांगितलं नाही आणि नंतर उघड झालं, तर त्याच्याबरोबर शिफारसही बदनाम होते.

आता परत आपल्या पार्किंगकडे. उपविधी सभागृहात मंजूर झाला, राजपत्रात आला, लोकांनी समाजमाध्यमांवर अभिनंदन केलं. बऱ्याच समित्या इथे थांबतात आणि पुढचा विषय घेतात. जी समिती कामाची असते, ती एक वर्षानंतर एका कंटाळवाण्या तक्त्याची मागणी करते. ३०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या पार्किंगचे अर्ज किती आले? किती मंजूर झाले? आणि तिसरा रकाना: सवलत किती जणांना दिली, कोणत्या कारणाने, कोणाच्या सहीने?

समजा, तक्ता आला आणि त्यात ४० अर्ज, ३१ सवलती दिसल्या. ३१ पैकी २६ ठिकाणी कारण एकच: ‘चाचणीत पाणी उतरले नाही.’ म्हणजे त्यांनी पाणी साठवायची सोय करायला हवी होती, मसुद्यात तसं होतं. पण मंजूर झालेला उपविधी काढून बघितला तर ‘साठवण्याची सोय करावी’च्या जागी ‘साठवण्याची सोय करता येईल’ असं छापलेलं. ‘करावी’चं ‘करता येईल’ कुठे झालं? समितीच्या इतिवृत्तात नाही, सभागृहाच्या चर्चेत नाही. मधल्या कुठल्यातरी टेबलावर, छाननीत. जलतज्ज्ञ हात वर करतो, अध्यक्ष त्या कर्मचाऱ्याकडे बघतात, आणि पुढच्या महिन्याच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय म्हणून ते एक क्रियापद येतं.